‘मग पुढे काय?’ हा प्रश्न वर्गात रुजवताना

प्रश्न तुमचे, उत्तरं आमची

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या वाणिज्य व व्यवस्थापनाच्या वर्गांतून या वेळी आलेली पत्रं एकाच दुखण्याभोवती फिरतात. मुलांना व्याख्या येतात, सूत्रं येतात, पण एका निर्णयाचे परिणाम दोन-तीन पायऱ्या पुढे नेऊन पाहायला सांगितलं की पेन थांबतं. आमच्या मते हा बुद्धीचा प्रश्न नाही, सरावाचा आहे. तसा सराव अभ्यासक्रमात फारसा कुठे बसवलेलाच नसतो. निवडक पत्रांना सविस्तर उत्तरं देत आहोत.

प्रश्न : टी. वाय. बी. कॉम.ला केस दिली की मुलं ‘स्वॉट’चे (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके) चार चौकोन आखतात, प्रत्येकात चार मुद्दे भरतात आणि वही पुढे करतात. मुद्दे चुकीचे नसतात, पण त्यातून निर्णय निघत नाही. काय बदलावं?
– वाणिज्य प्राध्यापक, अमळनेर

चौकोनांत मुद्दे शेजारी बसतात, पण कशामुळे काय घडलं हे तिथे दिसत नाही. ‘उत्पादन वाढलं’ हे बलस्थानात जातं आणि ‘भाव पडला’ हे धोक्यात. पहिल्यामुळेच दुसरं घडलं, हे लिहायला त्या तक्त्यात जागाच नसते. म्हणून एक सहामाही स्वॉट बाजूला ठेवा आणि कारण-चक्राची आकृती काढून घ्या. कागद, पेन्सिल आणि खोडरबर एवढंच साहित्य लागतं.

सुरुवात मुलांच्या ओळखीच्या प्रश्नाने करा. रावेर-यावल पट्ट्यात केळीला चढा भाव मिळाल्यानंतर पुढे तो कोसळतो, तेव्हा मध्ये काय घडलेलं असतं? फळ्यावर आधी फक्त घटक लिहा : केळीचा भाव, नवीन लागवड, बाजारातली आवक, शेतकऱ्याच्या हातातली रोख, खत-पाण्यावरचा खर्च, घडाचं सरासरी वजन. घटक असा असावा की तो ‘वाढला’ किंवा ‘घटला’ असं म्हणता येईल. ‘सरकारने लक्ष दिलं नाही’ हा घटक नव्हे. ‘विमा भरपाई मिळायला लागणारे दिवस’ हा आहे.

मग बाण काढा. एक घटक वाढल्यावर दुसराही वाढत असेल तर बाणावर अधिक, दुसरा घटत असेल तर उणे. भाव वाढला की लागवड वाढते : अधिक. लागवड वाढली की आवक वाढते : अधिक. पण या बाणावर दोन आडव्या रेघा मारायच्या, कारण इथे उशीर आहे. ऊतिसंवर्धित रोपं लावली तरी घड कापणीला यायला अकरा-बारा महिने जातात. आवक वाढली की भाव पडतो : उणे. चक्र पूर्ण झालं. चक्रातले उणे बाण मोजा. सम संख्या (किंवा शून्य) आली तर ते स्वतःला वाढवत नेणारं चक्र, विषम आली तर स्वतःला आवरणारं. इथे एकच उणे आहे, म्हणजे आवरणारं चक्र. आवरणाऱ्या चक्रात मोठा उशीर बसला की भाव एका जागी न थांबता वर-खाली हेलकावत राहतो. अर्थशास्त्रात याला कॉबवेब सिद्धांत म्हणतात. निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये हे नाव वापरलं. मुलांनी तो पाठही केलेला असतो, पण तो आपल्याच तालुक्यात दिसतो हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

त्याच आकृतीत दुसरं चक्र दडलेलं आहे. भाव चांगला, म्हणून रोख हातात, म्हणून खत आणि ठिबकची दुरुस्ती वेळेवर, म्हणून घड वजनदार, म्हणून पुन्हा रोख. यात उणे बाण नाही. हे वाढवत नेणारं चक्र आहे आणि उलटं फिरलं तर तितक्याच जोराने खाली नेतं. दोन्ही चक्रं एका कागदावर आली की खरा प्रश्न विचारता येतो : एखाद्या बागायतदाराने भाव पडलेल्या वर्षी खतावरचा खर्च कापला, तर त्याला पहिलं चक्र महागात पडतं की दुसरं?

काही गोष्टी आकृतीबाहेरून येतात, त्यांना चक्रात ओढून बसवू नका. रमजान दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे त्या महिन्यातल्या वाढीव मागणीचा उंचवटा मृगबागेच्या (जून-जुलैत लावलेल्या केळीच्या) कापणीशी कधी जुळतो, कधी जुळत नाही. अशा घटकाला फक्त आत येणारा बाण द्यायचा.

चुका बहुतेक ठरलेल्या असतात. मुलं अधिक म्हणजे चांगलं आणि उणे म्हणजे वाईट समजतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक बाण मोठ्याने वाचून दाखवायला लावणं : ‘हा वाढला तर तो घटतो’. दुसरी चूक, सगळ्यांना सगळ्यांशी जोडणं. बारापेक्षा जास्त घटक घेऊ देऊ नका आणि प्रत्येक बाणामागचं कारण एका ओळीत लिहून मागा. कारण लिहिता आलं नाही तर बाण खोडायचा. तिसरी चूक सर्वांत मोठी आहे : उशिराच्या आडव्या रेघा विसरणं. त्या नसतील तर आकृती दिसायला बरोबर असते, पण त्यावर बेतलेला निर्णय चुकीच्या महिन्यात घेतला जातो. तपासताना लाल पेन आधी तिथेच फिरवा.

प्रश्न : एमबीए पहिलं वर्ष, वर्गात साठ मुलं. पुरवठा साखळीतली ‘बुलव्हिप’ची (ग्राहकाच्या मागणीतला छोटा बदल साखळीत मागे जाताना फुगत जाणं) व्याख्या सगळ्यांना येते, पण ‘ही चूक आम्ही करणार नाही’ असं त्यांना वाटतं. हे अनुभवातून कसं शिकवता येईल? संगणक कक्ष रोज मिळत नाही.
– विभागप्रमुख, जळगाव

संगणकाची गरज नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या गटाने बसवलेला ‘बिअर गेम’ हा पुरवठा साखळीचा खेळ मुळात टेबलावर सोंगट्या मांडूनच खेळतात. तुमच्या वर्गात तो तूरडाळीवर खेळवा. जळगावच्या डाळ मिल मुलांनी पाहिलेल्या असतात, समजावून सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

एका साखळीत चार टप्पे : किराणा दुकान, घाऊक व्यापारी, वितरक, डाळ मिल. प्रत्येक टप्प्यावर दोघं, एक माल हलवणारा आणि एक नोंद ठेवणारा. म्हणजे साखळीमागे आठ. साठ जणांत सात साखळ्या होतात, उरलेल्या चौघांना वर्गाची एकत्र नोंद आणि वेळ सांभाळायला द्या. पोत्यांऐवजी चिंचोके वापरा. साखळीमागे तीनशे पुरतात, कारण ग्राहकाकडे गेलेले चिंचोके परत मिलच्या ढिगात टाकायचे असतात.

मांडणी अशी. प्रत्येक टप्प्याकडे सुरुवातीला १२ पोती. मागणीची चिठ्ठी पुढच्या टप्प्याला एका आठवड्याने पोचते, माल यायला दोन आठवडे लागतात. म्हणून दोन टप्प्यांच्या मध्ये वाटेवरच्या मालाचे दोन चौकोन आखा आणि प्रत्येकात ४ पोती ठेवा. वाटेतल्या चिठ्ठीवरही ४ लिहा. मिलने स्वतःला दिलेली उत्पादनाची चिठ्ठीही याच वेगाने चालते. शिल्लक प्रत्येक पोत्यावर आठवड्याला ₹५० खर्च आणि देता न आलेल्या प्रत्येक पोत्यावर ₹१००. देणं राहिलेली पोती पुढच्या आठवड्यात द्यावीच लागतात. संपूर्ण साखळीचा एकूण खर्च कमीत कमी ठेवणारा गट जिंकतो.

एका आठवड्याची कामं याच क्रमाने करून घ्या : आलेला माल आत घ्या आणि वाटेवरचा माल एक चौकोन पुढे सरकवा, आलेली चिठ्ठी उघडा, जमेल तेवढा माल पाठवा, शिल्लक किंवा थकबाकी लिहा, आणि शेवटी आपली मागणी चिठ्ठीवर लिहून उपडी ठेवा. पहिले चार आठवडे सगळ्यांना ४ चीच मागणी लिहायला सांगा, म्हणजे हात बसतो. पाचव्यापासून निर्णय त्यांचे. टप्प्यांनी आपसात बोलायचं नाही. ग्राहकाची मागणी फक्त दुकानदार पाहतो. ती तुम्ही आधीच लिहून ठेवलेली असते : पहिले चार आठवडे ४, त्यानंतर शेवटपर्यंत ८. बाकी काहीही बदलत नाही.

खेळ पन्नास आठवड्यांचा आहे असं जाहीर करा आणि छत्तिसाव्याला थांबवा. शेवट कधी ते आधी सांगितलं तर मुलं अखेरच्या आठवड्यांत मागणी शून्यावर आणून खर्च वाचवतात आणि जे दाखवायचं तेच झाकलं जातं. खेळायला दीड तास धरा. त्यानंतरची चर्चा त्याच दिवशी व्हायला हवी आणि तिला पूर्ण एक तास द्या. दोन लागोपाठ तास आणि मधली सुट्टी मिळत नसेल तर शनिवारी घ्या. चर्चा दुसऱ्या दिवसावर गेली की उरते ती नुसती गंमत.

चर्चेची सुरुवात व्याख्येने करू नका. मिलवाल्या जोडीला फळ्यावर बोलवा आणि ‘ग्राहकाची मागणी आठवड्यागणिक कशी होती असं वाटतं, त्याचा आलेख काढा’ म्हणा. बहुतेक जण मोठे चढ-उतार काढतात. मग खरा आलेख दाखवा : एकदाच ४ वरून ८, पुढे सरळ रेघ. लाट बाहेरून आली नव्हती, ती साखळीतच तयार झाली होती. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये या खेळाच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गटांचा सरासरी खर्च शक्य तेवढ्या कमी खर्चाच्या सुमारे दहापट निघाला होता. हा आकडा वर्गाच्या बेरजा झाल्यावरच सांगा, आधी नव्हे.

कारण नेमकं सांगा. माणूस समोरची रिकामी कोठी पाहून मागणी लिहितो, आधीच मागवलेला पण वाटेत असलेला माल हिशेबात धरत नाही. रिकामी कोठी तीन आठवडे रिकामीच दिसते, म्हणून तो तीन वेळा मागवतो, आणि मग सगळं एकदम येऊन पडतं. मागणी ८ असताना चिठ्ठीचा एक आणि मालाचे दोन असे तीन आठवडे धरले तर वाटेत २४ पोती असणं हे योग्य आहे, तो साठा नव्हे. दुसऱ्या फेरीत नोंदवहीत ‘वाटेवरचं’ असा एक रकाना वाढवा, बाकी नियम तेच ठेवा आणि ग्राहकाच्या मागणीचे आकडे मात्र बदला. फेरी वीस आठवड्यांची पुरते. लाट बरीच बसते. एका रकान्याने काय फरक पडला, हे मुलांनी स्वतःच्या दोन आलेखांवर पाहणं हा या खेळाचा खरा पाठ आहे. वेळ नाही म्हणून दुसरी फेरी गाळू नये, हा आमचा आग्रह आहे.

एक धोका. खेळ संपल्यावर वर्ग वितरकाला किंवा मिलला दोष देऊ लागतो. तिथे शिक्षकाने लगेच मध्ये पडावं. सातही साखळ्यांत, वेगवेगळ्या मुलांच्या हाती, लाटेचा आकार साधारण सारखाच दिसतो. सातही आलेख शेजारी चिकटवले की माणसांवरचं बोट आपोआप रचनेकडे वळतं.

प्रश्न : मी बीबीए दुसऱ्या वर्षाला आहे. केसच्या उत्तरात मी ‘हे परिस्थितीवर अवलंबून आहे’ असं लिहिलं की मार्क कापले जातात. एकच उत्तर लिहिलं तर सर म्हणतात, दुसरी बाजू पाहिली नाही. नेमकं काय लिहायचं?
– विद्यार्थिनी, नंदुरबार

तुझं वाक्य चुकीचं नाही, अर्धवट आहे. कशावर अवलंबून, आणि ती गोष्ट कोणत्या आकड्याला पोचली की निर्णय फिरतो, हे दोन्ही लिहिलंस की मार्क कापायला जागा राहत नाही.

तुझ्याच गावचं उदाहरण घेऊ. व्यापाऱ्याने ओली लाल मिरची तशीच विकावी की पथारीवर वाळवून विकावी? समजा ओल्या मिरचीचा भाव किलोला ₹४०. १०० किलोचे आज ₹४,००० मिळतात. वाळवणं, देठ खुडणं, निवडणं यांची मजुरी ₹८००. दोन महिने पैसे अडकतात, वर्षाला १२ टक्के दराने व्याज ₹८०. वाळल्यावर उतारा ३० किलो धरला, तर सुक्या मिरचीला ४,८८० भागिले ३०, म्हणजे किलोला सुमारे ₹१६३ मिळायलाच हवेत. त्याच्या वर भाव असेल तर वाळव, खाली असेल तर ओली विक. हा झाला उंबरठा.

आता एकेक आकडा हलवून बघ. मजुरी पाव पटीने वाढून ₹१,००० झाली तर उंबरठा ₹१६९ वर जातो. अवकाळी पाऊस पथारीवर आला आणि उतारा २६ किलोवर घसरला तर तो ₹१८८ होतो. म्हणजे घासाघीस मजुरीवर करण्यापेक्षा ताडपत्रीवर आणि हवामानाच्या अंदाजावर लक्ष देणं जास्त मोलाचं. हे वाक्य केसमध्ये कुठेही छापलेलं नसतं, ते तुझ्या गणितातून निघतं. परीक्षक तेच शोधत असतो.

अजून एक पायरी उरते. तू वाळवायचं ठरवलंस, तसंच बाजारातल्या सगळ्यांनी ठरवलं तर? दोन महिन्यांनी सुकी मिरची एकदम येईल आणि तू धरलेला भाव मिळेलच असं नाही. म्हणून उत्तर असं लिही : ‘सुक्याचा अपेक्षित भाव ₹१८८ च्या वर असेल तर वाळवावं. ₹१६३ ते ₹१८८ मध्ये असेल तर निम्मा माल वाळवावा, कारण पाऊस आणि इतरांची आवक या दोन्ही गोष्टी आपल्या हातात नाहीत. ₹१६३ च्या खाली ओली विकावी.’ पन्नास शब्दही होत नाहीत, आणि निर्णय, अट, कारण तिन्ही आलं.

प्रश्न : पहिल्या वर्षापासूनच खुल्या प्रश्नांचा सराव द्यावा का? मुलं गोंधळतात, काही चिडतात. ‘बरोबर उत्तर कोणतं ते सांगा’ म्हणतात.
– सहायक प्राध्यापक, चाळीसगाव

त्यांचं चिडणं स्वाभाविक आहे. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवरून विल्यम पेरी यांनी १९७० मध्ये मांडलं होतं की महाविद्यालयात येणारं मूल बहुधा ‘बरोबर किंवा चूक’ एवढ्याच दोन कप्प्यांत विचार करतं. मग ‘ज्याचं त्याचं मत’ असं म्हणू लागतं, आणि बऱ्याच सरावानंतर पुराव्यानुसार एक मत दुसऱ्यापेक्षा सरस ठरवायला शिकतं. मधली ही पायरी फसवी असते. मूल मोकळेपणाने मतं मांडतं, वर्ग रंगतो, शिक्षकाला वाटतं विचार जमू लागला, पण तपासणी कशाचीच होत नाही.

म्हणून पहिल्या वर्षी प्रश्नात एकच गोष्ट अनिश्चित ठेवा : आकडे सगळे द्या, फक्त मागणी दोन पातळ्यांवर द्या. दुसऱ्या वर्षी समोरचा पक्ष आणा : आपण दर कमी केला तर शेजारचा दुकानदार काय करील? तिसऱ्या वर्षी माहिती अपुरी द्या आणि कोणती माहिती आधी मिळवावी, हे त्यांना ठरवू द्या. तिन्ही वर्षांत एक नियम सारखा : चर्चेआधी प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्यामागचं कारण तारखेसह वहीत लिहायचं. नंतर खोडायचं नाही, बदल वाटला तर खाली लिहायचा. एवढ्याने ‘मला हे आधीच माहीत होतं’ हा भ्रम तुटतो.

प्रश्न : केस सगळ्या मोठ्या शहरांतल्या नाहीतर परदेशातल्या असतात. खान्देशातल्या केस कशा तयार कराव्यात? आणि आमची मुलं भिलोरी, पावरी, अहिराणी बोलणारी, वर्गात तोंड उघडत नाहीत.
– प्राध्यापिका, शहादा

केस म्हणजे यशोगाथा नव्हे, हे आधी ठरवा. अमळनेरचं उदाहरण सगळे देतात : १९४५ मध्ये इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तिचीच पुढे विप्रो झाली. यावर ‘दूरदृष्टी’ असा एका शब्दाचा निबंध येतो. त्याऐवजी केस निर्णयाच्या क्षणी थांबवा. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली, संगणकाच्या बाजारात जागा झाली, आणि तूप-साबण विकणाऱ्या कंपनीने तिकडे जायचं की नाही? पुढे काय झालं ते मुलांना माहीत असतं, म्हणून त्या वेळी ‘जाऊ नये’ म्हणणाऱ्याची बाजू त्यांना लढवायला लावा. निकाल माहीत असलेल्या गोष्टीतून शिकण्याचा तोच एक प्रामाणिक मार्ग आहे.

तुमच्यासाठी नवापूर अधिक जवळचं. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथल्या कुक्कुटपालनात बर्ड फ्लू आढळला, भारतातला तो पहिला प्रादुर्भाव. मुलांना विचारा : नवापूरच्या कोंबड्या नष्ट केल्यावर शंभर किलोमीटरवरच्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं काय होईल? अंडी वाहणाऱ्या टेम्पोच्या हप्त्याचं? मासळी आणि मटण विकणाऱ्याचं? रोग नसलेल्या जिल्ह्यातल्या अंडी विक्रेत्याचं? प्रत्येक बाणाला ‘किती दिवसांत’ हे जोडायला लावा. केस दोन पानांपेक्षा मोठी नको : पाऊण पान परिस्थिती, एक तक्ता, आणि निर्णय घेणारी एक व्यक्ती तारखेसह. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेतल्या फील्ड प्रोजेक्टमधून अशा केस मुलांकडूनच लिहून घेता येतात. खऱ्या व्यापाऱ्याचं नाव आणि उलाढाल मात्र बदलून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करणार नाही.

भाषेचं म्हणाल तर गटातली चर्चा ज्या भाषेत विचार चालतो त्याच भाषेत होऊ द्या, अगदी निःसंकोच. नंतर आकृती मराठीत आणि पारिभाषिक शब्द पाठ्यपुस्तकातले. क्रम असा : तीन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, पाच मिनिटं जोडीत, मग चौघांत. वर्गासमोर बोलताना प्रत्येकाने स्वतःचं नव्हे, जोडीदाराचं मत सांगायचं. मत चुकलं तरी ते आपलं नसतं, त्यामुळे भीती निम्मी होते आणि जोडीदाराचं नीट ऐकावंही लागतं.

प्रश्न : हे सगळं ठीक, पण मार्क कसे द्यायचे? ऐंशी पेपर तपासायचे असतात. शिवाय घरी दिलेलं काम आता चॅटजीपीटीकडून येतं.
– परीक्षा समिती सदस्य, धुळे

दहा मार्कांचा प्रश्न असा फोडा : गृहीतकं स्पष्ट लिहिली का, याला २ मार्क. कारण-परिणामाची साखळी उशिरासह मांडली का, याला ३. समोरचा पक्ष काय करील याच्या विचाराला २. निर्णय कोणत्या अटीला बदलेल, याला २. मांडणीला १. ‘निर्णय बरोबर’ याला वेगळे मार्क ठेवायचे नाहीत. विरुद्ध निर्णय घेतलेल्या दोन मुलांना आठ-आठ मिळू शकतात, हे परीक्षेआधीच वर्गाला सांगून ठेवा.

तपासणीआधी दोघा परीक्षकांनी तेच पाच पेपर वेगवेगळे तपासावेत. दोनपेक्षा जास्त फरक पडला तर कोणत्या निकषावर पडला ते पाहावं. तो बहुधा गृहीतकांवर पडतो, कारण एक जण प्रश्नातली माहिती पुन्हा लिहिली तरी मार्क देतो आणि दुसरा देत नाही. तिथे एक ओळीचा नियम ठरवा आणि पुढे जा. पाच पेपरांना तासभर जातो, पण पुढचे पंचाहत्तर भराभर होतात.

प्रश्नही बदलावा लागेल. ‘खेळत्या भांडवलाचं महत्त्व सांगा’ याचं उत्तर पाठच येणार. ‘खालील दुकानाची विक्री २५ टक्क्यांनी वाढली आणि तरीही बँकेची मर्यादा ओलांडली गेली, का?’ असं विचारा. दरवर्षी आकडे आणि धंदा दोन्ही बदला. नुसते आकडे बदलले तर मुलं साचा पाठ करतात.

यंत्राकडून आलेल्या उत्तरावर बंदीचा उपयोग नाही. गृहपाठाला पाच मार्क ठेवा आणि पाच तीन मिनिटांच्या तोंडी परीक्षेला. तोंडी परीक्षेत एकच गोष्ट करा : त्याच्या उत्तरातला एक आकडा बदला आणि ‘आता निर्णय काय?’ विचारा. ज्याने विचार केलाय तो थोडा थांबून का होईना, कोणता बाण हलला ते दाखवतो. दिवसाला वीस मुलं या वेगाने ऐंशीचा वर्ग चार दिवसांत होतो.

प्रश्न : माझा मुलगा बी. कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं कृषी केंद्र आहे. हे आकृत्यांचं शिक्षण त्याला दुकानात काय उपयोगाचं?
– पालक, चोपडा

दुकानाच्या उधारीच्या वहीपासूनच सुरू करा. समजा वर्षाची विक्री ₹४० लाख, त्यातली निम्मी उधारीवर, आणि वसुलीला सरासरी सहा महिने. म्हणजे ₹१० लाख कायम बाहेर अडकलेले असतात. विक्री ₹५० लाखांवर न्यायची म्हणून मुलाने वाढीव दहा लाखांचा सगळा माल उधारीवर दिला, तर अडकलेली रक्कम ₹१५ लाख होते. वाढीव विक्रीवर आठ टक्के नफा धरला तर ₹८०,००० मिळाले, आणि रोख मात्र पाच लाखांची लागली. नफा वाढला आणि गल्ला रिकामा, असं एकाच वर्षात घडतं. शिवाय ज्यांना रोखीने मिळत नाही तेच गिऱ्हाईक उधारीमुळे जास्त येतात, त्यामुळे वसुलीचे सहा महिने सातांवर जाण्याची शक्यता वाढते. सात महिने झाले तर ₹१७.५ लाख.

त्याला या दिवाळीच्या सुट्टीत मागच्या तीन हंगामांची उधारी पीकनिहाय आणि महिनानिहाय मांडायला सांगा : कापूसवाल्याची कधी येते, केळीवाल्याची कधी, कुणाची पुढच्या हंगामात जाते. मग पुढच्या जूनला कुणाला किती उधारी द्यायची, याचा त्याचा अंदाज आधी लिहून घ्या आणि तुमचा वेगळा लिहा. दोन्ही कागद दुकानाच्या कपाटात ठेवा आणि मार्चअखेर वसुलीशी ताडून पाहा. जिथे तुमचा अंदाज जुळला आणि त्याचा चुकला, तिथे तुम्ही गिऱ्हाइकाबद्दल काय जाणत होता ते त्याला सांगा. वहीत न उतरलेली ती माहिती त्याला कॉलेजात मिळणार नाही.